अकरा खिसे आणि एक जिना

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
दुकानाच्या जिन्यावरून मी पडलो असं घरात सगळे म्हणताहेत. मी पडलो नाही. बसलो. जरा जोरात बसलो, आणि मग खालच्या पायऱ्यांवरही एकापाठोपाठ एक बसत गेलो. खालच्या घड्याळवाल्याने उगाच मास्तर गेले, मास्तर गेले म्हणून गर्दी जमवली. गेलेला माणूस असे डोळे वटारतो का?

चिरंजीव ऑफिसातून थेट माझ्या खोलीत आले. म्हणाले, बाबा, पुरे झाला तो जिना. वरचं दुकान बंद करू. घड्याळवाला अर्धी जागा द्यायला तयार आहे, तुमचं मशीन खाली आणू.

म्हणजे ह्यांचं आधीच बोलणं झालं आहे! मी स्पष्ट सांगितलं, खाली बसतो तो रफूवाला, वर बसतो तो टेलर. गिऱ्हाईक जिना चढून आलं की त्याला आपण कुठेतरी आलो असं वाटतं. ह्यावर ही म्हणाली, हो, धाप लागल्यामुळे.

कंबर ठणकते आहे. त्याचा जिन्याशी संबंध नाही. हवा बदलली आहे.

५ फेब्रुवारी
नातीच्या डोक्यात चिखलातल्या शर्यतीचं खूळ आहे. चौघांचा संघ लागतो. चिखलातून पळायचं, जाळीखालून सरपटायचं, भिंत चढायची, दोराला लोंबकळायचं. आम्ही चिखलात लोळून आलो की मार मिळायचा, हिला मेडल मिळणार. जेवताना कुरकुरत होती, चौथी मैत्रीण गळाली म्हणून. थट्टेने म्हणाली, आजोबा, तुम्हीच या.

मी विचारलं, वयाची अट काय? म्हणाली, कमीत कमी अठरा. आणि जास्तीत जास्त? तिने मोबाईलवर बघितलं. काही लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा वाचून घेतलं. नव्हतं.

चिरंजीवांना हसू आवरेना, आणि तिथेच ते फसले. म्हणाले, बाबा, ती शर्यत तुम्ही पुरी केलीत ना, तर त्या जिन्याबद्दल मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही केलीत, तर मशीन खाली. मी म्हणालो, कबूल. ही म्हणाली, मी साक्षीदार, आता भाजी वाढू का?

नात मिठी मारून नाचली. दुकान वाचलं.

६ फेब्रुवारी, पहाटे पाच
सराव सुरू. उठलो. बाहेर अंधार आहे. अंधारात पाय मुरगळला तर शर्यतच हुकेल. पडून विचार करतो.

६ फेब्रुवारी, नऊ वाजता
विचार चांगला झाला. पाय कमवायची गरज नाही. उभा जन्म मशीनचं पायडल हाणलं आहे, तेवढ्यात पृथ्वीला फेरी झाली असती. फक्त मी जागेवर होतो.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, कारण चिखलात काय असेल सांगता येत नाही. चिखल कानात गेला तर? कवळीत गेला तर? कवळी चिखलात पडली आणि मागच्या माणसाच्या पायात घुसली तर? डॉक्टरांनी छाती तपासली. मग म्हणाले, हृदय ठीक आहे, हळू चाला, सरपटा, पण भिंत आणि दोर ह्यांच्या वाटेला जाऊ नका.

नात म्हणाली, चालेल, अडथळा टाळला तर दंड म्हणून उठाबशा असतात. मी म्हणालो, किती? ती म्हणाली, तुमच्या मी काढीन. गुणी मुलगी. माझ्यावर गेली आहे.

१४ फेब्रुवारी
सरपटण्याचा सराव पलंगाखाली केला. जाताना उत्तम गेलो. परत येताना खांदा अडकला. हाका मारल्या. ही खाली वाकून म्हणाली, अहो, आत गेलाच आहात तर कोपऱ्यातली जळमटं काढा, माझा हात पोचत नाही. आणि केरसुणी सरकवली. काढली. काम झाल्यावरच पलंग उचलला.

तेवढ्यात माझी जुनी चप्पलही सापडली. सरावाचे फायदे असे अनेक.

१९ फेब्रुवारी
चिखलाची भीती मनातून काढायला हवी. कुंड्यांमधली माती न्हाणीघरात पसरली, पाणी ओतलं, जागच्या जागी धावलो. भीती गेली. पाणी जाईना. प्लंबर म्हणाला, काका, इथे म्हैस बांधता का? चिरंजीवांनी प्लंबरचे पैसे दिले. पावती मात्र माझ्या उशाशी ठेवली, ते मला आवडलं नाही.

२४ फेब्रुवारी
आज दुकानात (कठडा धरून, सावकाश चढलो, ते जिन्याला कठडा आहे म्हणून, नाहीतर धरायची गरज नाही) शर्यतीची पँट बेतली. नातीने मला तिच्यासारखी झिरझिरीत चड्डी आणून दिली होती. तिला ना अस्तर, ना खिसा. खिसा नसलेला कपडा अंगावर घालणं म्हणजे कुलूप न लावता गावाला जाणं.

माझ्या पँटीला अकरा खिसे आहेत. चष्म्याचा, कवळीच्या डबीचा (बटणासह), गोळ्यांचा, मलमाचा, शिट्टीचा, बिस्किटांचा, रुमालाचा, दुसऱ्या रुमालाचा, नावपत्त्याच्या चिठ्ठीचा, आणि दोन रिकामे, कारण ऐन वेळी काय आठवेल सांगता येत नाही. जाड कापड, दुहेरी टीप. माणूस फाटेल, शिवण उसवणार नाही. घड्याळवाल्याला दाखवली. म्हणाला, मास्तर, शर्यतीला चाललात की संसार घेऊन पळून चाललात?

जळतो.

२ मार्च
भोवरा सोडावा तसं मैदानात पळालो. म्हणजे थोडं पळून गरगरलो. नातीचे दोन सोबती आले होते, एक ताडमाड मुलगा आणि एक चष्मेवाली. ताडमाड मला म्हणाला, आजोबा, तुम्ही आमचं सीक्रेट वेपन. चष्मेवालीने अर्थ सांगितला. फार बरं वाटलं. संध्याकाळी हिला तीनदा सांगितलं.

९ मार्च, झोपण्यापूर्वी
उद्या. झोप येणार नाही. हरलो तर ती वरची खिडकी गेली, कटिंगचं टेबल गेलं, भिंतीवरचा आरसा गेला, ज्यात नवऱ्या मुलांनी सूट घालून स्वतःला पहिल्यांदा ओळखलं नाही. रस्त्यावर बसून पिशव्यांचे बंद लावायचे. त्यापेक्षा चिखल परवडला.

अकराही खिसे भरून ठेवले आहेत. मला भीती वाटत नाही. ही म्हणते, मग पाय का हलवताय. सराव आहे.

१० मार्च, दुपारी, आंघोळ दोनदा झाल्यावर
काय ते लोक! काय तो चिखल! माणसांची ओळखच पटत नव्हती. एका बाईला नात समजून मी चष्मा पुसायला दिला. तिने पुसून दिला.

भिंत बाजूने गेलो. दोर बाजूने गेलो. माझ्या दंडाच्या उठाबशा नातीबरोबर ताडमाडनेही काढल्या. संघभावना म्हणतात ती हीच. टायरांतून गेलो, ते माझे पलंगाचे दिवस कामी आले. घसरगुंडीवर मी ओरडलो, असं सगळे म्हणतात. मी मागच्यांना सूचना देत होतो. वर्गातल्या बाकावरून उडी मारून शाळा सोडल्यापासून इतकी मजा आली नव्हती. मी हसत होतो! कवळी डबीत होती, त्यामुळे मोकळेपणाने हसलो.

मग जाळी आली. मी आडवा झालो आणि निघालो. पण खिशांची तोंडं मी पुढे ठेवली होती, हात पटकन जावा म्हणून. पुढे सरकलो की एकेक खिसा चिखल भरून घ्यायचा, रहाटाचं गाडगं पाणी घेतं तसा. आणि शिवण माझी! एक थेंब गळेना. जाळीबाहेर आलो तेव्हा मांड्यांना दोन पोती बांधल्यासारखं झालं. तसाच शेवटच्या खड्ड्यात उतरलो. समोर फीत, लाऊडस्पीकर, ही, चिरंजीव. दहा पावलं. आणि मी रुतलो.

नात ओढते, ताडमाड ओढतो, चष्मेवाली ढकलते. काही नाही. चिरंजीव काठावरून ओरडले, बाबा, राहू द्या, मी येतो उचलायला! मी म्हणालो, खबरदार. उचललं म्हणजे हरलो.

एक स्वयंसेवक कात्री घेऊन आला. खिसे कापायला लागला. कात्री चालेना. मी त्याला सांगितलं, बाळा, दुहेरी टीप आहे. तो म्हणाला, काका, अभिमान नंतर बाळगा.

मग नात म्हणाली, आजोबा, पँट सोडा. मी म्हणालो, एवढं आयुष्य लोकांना पँटी चढवण्यात गेलं. ती म्हणाली, पँट की दुकान, बोला लवकर.

ह्या मुलीने वकील व्हावं.

बटण उघडलं. केळं सालीतून निघावं तसे पाय निघाले. आणि मी, पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत (तीही माझीच शिवण, उत्तम बसते), चार पायांवर, सगळ्या गर्दीसमोर, फितीखालून पलीकडे गेलो. लाऊडस्पीकर ओरडला, सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक! टाळ्या! ही पदराआड हसून हसून रडत होती. चिरंजीवांनी अंगातला शर्ट काढून माझ्या कमरेला गुंडाळला. म्हणाले, बाबा, जिंकलात तुम्ही. आणि उघड्या अंगाने माझ्या तोंडावरचा चिखल पुसायला लागले. सर्दी होईल अशाने.

पँट शिट्टीसकट खड्ड्यातच राहिली. कवळीची डबी स्वयंसेवकाने शोधून दिली. संध्याकाळी मेडल घालून जेवणार.

११ मार्च
अक्षरं वाकडी आहेत, कारण आडवा पडून लिहितो आहे. कूस बदलायला तिघं लागतात. मेडल छातीवर टोचतं, पण काढायला हात वर जात नाही.

१३ मार्च
नात विचारते, आजोबा, बरं वाटतंय का. सांगितलं, उत्कृष्ट. तिने उशी सरळ केली तेव्हा ओरडलो, ते आनंदाने.

१७ मार्च
विजयी पुनरागमन. चिरंजीवांनी स्वतः गाडीने सोडलं. जिन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शब्दाचे पक्के आहेत, माझ्यावर गेले आहेत. मी म्हणालो, तू जा, उशीर होईल. गेले. मी चढायला लागलो.

गुडघे म्हणाले, नाही.

मी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. मग वरही जाईना आणि खालीही येईना. तिथेच कठडा धरून उभा राहिलो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, मास्तर, दुकान उघडं आहे का? म्हणालो, उघडतोच आहे. तो बराच वेळ थांबला, मग गेला. घड्याळवाला आला, मला काखेत धरून खाली आणलं, आणि त्याचं स्टूल दिलं. मास्तर गेले असं ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१८ मार्च
दिवसभर झोपलो. कुणाला काही सांगितलं नाही. ही पाय चेपत होती.

१९ मार्च
रात्रभर विचार करून एक धंद्याचा निर्णय घेतला आहे. तो सर्वस्वी माझा आहे. मशीन खाली आणायचं. हल्लीच्या गिऱ्हाइकांना वेळ नसतो, जिना चढायला लावणं जुनाटपणाचं आहे. खाली उजेड चांगला, चहावाला समोर. चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, बाबा, छान कल्पना आहे, मला सुचलीच नसती.

मी सांगितलं, सुचायला अनुभव लागतो.

२२ मार्च, दुपारी
मशीन खाली आलं. चौघांनी उतरवलं, मी सूचना दिल्या. आरसा मावला नाही, वरच राहिला. पहिलं गिऱ्हाईक पिशवीचा बंद लावायला घेऊन आलं. लावून दिला, ओळख व्हावी म्हणून.

मात्र चिरंजीवांना बजावून ठेवलं आहे, शर्यत मी जिंकलो ती जिंकलोच. जिना चढायचा हक्क माझाच आहे. मी चढत नाही, एवढंच.