अप्पांच्या गळ्यातला चौका

राजेश्वर,
ता. १८ फेब्रुवारी २०२४

चि. लीला हिस,

आईचे शरणु शरणार्थी आणि अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मनाला येईल तसे चालतात. तूर निघाली, यंदा दाणा बारीक आहे. दारातल्या शेवग्याला शेंगा लागल्यात. तुला आवडतात म्हणून लिहिलं, पाठवायच्या कशा ते कळत नाही. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य.

"पत्र कामून?" म्हणशील. फोन आहेच की. पण फोनवर तू विचारतेस, "आई, बरं हाय का?" मी म्हणते, "हाय की." तेवढ्यावर फोन संपतो. सातवीपर्यंत शिकले, ते कधीतरी कामाला यावं.

अप्पा गेले, लिंगैक्य झाले, त्याला महिना झाला. सगळं रीतीप्रमाणे झालं. हुलसूरच्या मठातून अय्या आले. आपल्या शेतात आंब्याखाली खड्डा केला, अप्पांना विभूती लावून मांडी घालून बसवलं. दुकानात गल्ल्यावर बसायचे तसेच दिसत होते, फक्त कुणावर खेकसत नव्हते.

सगळं रीतीप्रमाणे झालं असं लिहिलं खरं. ते मागे घेते.

तुम्ही दोघं कलबुर्गीहून धावत आलात आणि अमृतप्पा काका बांधावरच आडवे आले. "गळ्यात लिंग न्हाई तिच्या. तिनं बेल वाहायचा न्हाई. रीतीत बसत न्हाई ते." तू मुठीत बेलाची पानं धरून उभी राहिलीस. मी खड्ड्याजवळ होते, सगळं ऐकलं. आणि काय केलं, तर डोक्यावरचा पदर पुढे ओढला. लोकांना वाटलं, रडतेय.

तुझ्या काकांचं तर काय सांगावं! बसवजयंतीला बसवकल्याणच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे हेच. बसवण्णांच्या काळात जात मोडून लग्न लागलं, त्यावर घसा बसेस्तोवर भाषण करतात. ते लग्न आठशे वर्षांपूर्वीचं आहे तोवर ठीक. आपल्या घरातलं नको.

तुझ्यावरही माझा राग होता, लपवत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तू गळ्यातलं इष्टलिंग काढून देवघरातल्या पाटावर ठेवलंस. म्हणालीस, "विहारात मी प्रतिज्ञा घेणार हाय, आई. गळ्यात एक आन तोंडात एक, हे मला जमायचं न्हाई." अप्पा म्हणाले, "लिंग ठिवलीस, आता घर बी सोड." मला वाटलं, खरं बोलायची या पोरीला एवढी काय घाई? चार बायका लिंग पेटीत ठेवून गावोगाव हिंडतात, कोण बघायला येतं? पण तू अप्पांचीच लेक. दोघांनाही खोटं जमत नाही, असं मी धरून चालले.

तुझं लिंग त्यानंतर पाटावर दिसलं नाही. विचारलं, तर अप्पा म्हणाले, "अय्याला देऊन टाकलो." मी मानलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

अय्यांनी अप्पांच्या गळ्यातला चांदीचा चौका उघडला. त्यातलं लिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचं होतं. चौक्यातून दोन निघाली. एक त्यांचं. दुसरं लहान, मी शिवलेल्या तांबड्या कापडात गुंडाळलेलं. तू पोटात होतीस तेव्हा आठव्या महिन्यात अय्यांनी ते माझ्या गळ्यात बांधलं होतं, तू जन्मलीस तेव्हा तुझ्या गळ्यात गेलं. मी ओळखणार नाही तर कोण? त्याला विभूती लागलेली होती, ताजी. लीला, हा माणूस रोज पूजेला बसताना दार ओढून घ्यायचा. मी चेष्टा करायची, देवाशी एवढं काय गुपित! गुपित तू होतीस.

अय्या म्हणाले, "हे कुणाचं? लिंग ज्याचं त्याच्यासंगंच मातीत जातंय."

अमृतप्पा काकांनीही ओळखलं. हळूच म्हणाले, "ठिवा की दोन्ही. ती आपल्याला मेल्यालीच हाय."

तेव्हा माझं तोंड उघडलं. "लेक जिती हाय माझी," म्हटलं, "आणा ते हिकडं." अय्यांनी माझ्या हातावर दिलं. मी पदराच्या गाठीत बांधलं.

पुढचं एक वाक्य राहिलं. "तिला बोलवा." जिभेवर आलं होतं. तोवर माती पडायला लागली.

तुझ्या गळ्यात लिंग नाही म्हणून तुला अडवलं, आणि त्या घटकेला तुझं लिंग माझ्या पदरात होतं. ते मी वर काढलं आणि तुला उन्हात उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी बांधावर गेले, तर तुझी पानं दगडाखाली वाळलेली होती. त्या दगडाजवळ बसून मी जे रडले, ते आदल्या दिवशी अप्पांसाठीही रडले नव्हते.

नंतर अय्या घरी आले तेव्हा विचारलं, "अय्या, हा लिंगाचा नेम कुणासाठी?" म्हणाले, "जो लिंग घालतो त्याच्यासाठी, रत्नम्मा." मी म्हटलं, "मग जी घालीत न्हाई तिला त्याच नेमानं कसं काय अडवायलाव?" अय्यांनी चहा मागितला.

लिंग मठात आणून द्या, असं सांगून गेले. मी दिलं नाही. आता माझ्या चौक्यात दोन आहेत. पूजा मी करते. तू कर असं म्हणत नाही. तुमच्या घरालाही नेम आहेत आणि ते तू आपल्या तोंडाने घेतलेत, ते मोड म्हणणारी मी कोण? पण एक सांगून ठेवते. मी जाईन तेव्हा मला बसवायच्या आधी माझा चौका तू उघड. लहान आहे ते काढून घे. पुढं डब्यात ठेव, पाण्यात सोड, तुला पटेल ते कर. माझ्याबरोबर मातीत जाऊ देऊ नकोस.

पुढच्या सोमवारी, २६ तारखेला, मी समाधीवर बेल वाहायला जाणार आहे. तू ये. काका असतील. हिच्या गळ्यात काय, असं त्यांनी विचारलं तर या वेळी पदर ओढणार नाही. तिचं माझ्यापाशी हाय, असं सांगेन. नाही आलीस तरी तुला बोल लावणार नाही. बोलवायचा खरा दिवस गेला, तो मीच घालवला.

वर 'घरातल्या सगळ्यांना' लिहिलं. नाव लिहायला हात अडला होता. त्या दिवशी बांधावर एक माणूस चपला काढून तापल्या ढेकळांत शेवटपर्यंत उभा होता. त्याला कुठल्या नेमाने उभं केलं होतं, मला माहीत नाही. संघपाल जावयांना माझा जयभीम सांग.

आठव्या महिन्यात होते तशीच, तुझं गळ्यात घेऊन बसलेली,

तुझी आई
रत्नम्मा