बिनलेबलाच्या बाटल्या

लोणावळा, बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप भिमाजीमामांच्या पायांशी जावई महिपतीचा दंडवत. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे काळजीने अन्न गोड लागत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंचा खोकला गेला का? घरात आणखी कोण कसं आहे, तेही कळवावं. (कोण म्हणजे सगळेच.)

झालं असं, की मी सांभाळतो त्या बंगल्याच्या शेठनी मुंबईहून दारूच्या बाटल्यांचं खोकं धाडलं. सोबत चिठ्ठी: शनिवारी एक गोरे साहेब मडमेसह येत आहेत, बाटल्या दिवाणखान्याच्या कपाटात मांड आणि सोबतच्या इंग्रजी पुस्तकाप्रमाणे कॉकटेल करून दे. कॉकटेल म्हणजे दोन-चार दारू बर्फात घालून हलवायच्या, हे शाळेच्या मास्तरांनी पुस्तक वाचून सांगितलं. (सांगून झाल्यावर त्यांनी हात धुतले.) साहेबाच्या सहीवाचून शेठचं मोठं काम अडलेलं, म्हणजे माझी नोकरी आणि आमची खोली त्या पेल्यांवर टांगलेली. आता माझ्या गळ्यात माळ, स्वयंपाकी गफूरभाई पाच वेळचे नमाजी. बंगल्यात थेंब चाखलेलं माणूस नाही.

त्यात तुमच्या सरूने, पाहुणे यायचे म्हणून, सगळ्या बाटल्या राखेने घासून लख्ख केल्या. एकीलाही लेबल राहिलं नाही. मी म्हणालो, "अगं, आता कंची कुटली ते कसं कळायचं?" ती म्हणाली, "लिवलेलं व्हतं तवा तरी तुमाला कुटं कळत व्हतं?" हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला आणि मी नको ते बोललो.

मग मी आणि गफूरभाई नाकाला रुमाल लावून नुसत्या रंगावरून बाटल्या लावत बसलो. शनिवारी झाकणाच्या भांड्यात हलवून साहेबांना पहिला पेला दिला. त्यांनी घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, मिशी पुसली आणि ते बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. गफूरभाईंची लोणच्यात घालायच्या आंबट सिरक्याची बाटलीही घासली जाऊन कपाटात बसली होती, हे तेव्हा कळलं. साहेबांसोबत आलेले शेठ माझ्याकडे असे बघत होते, की मी मनात ट्रंक भरायला घेतली.

इतक्यात मला युक्ती सुचली. आमसूल, आलं, गूळ, जिरं आणि वर सोडा, असे लाल पेले पुढे आले. मडमेने तीन घेतले. साहेबांनी नाव विचारलं, तेव्हा दुसरं काही आठवेना म्हणून तुमच्या गावाचंच नाव घेतलं, "मळवली" म्हणालो. जाताना साहेब शेठच्या पाठीवर हात ठेवून गेले. पण आता शेठ म्हणतात, येत्या शनिवारी दहा माणसं, आणि सगळ्यांना मळवली.

जास्त काय लिहू, चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला,
महिपती

ता.क. सरू रविवारपासून तुमच्याकडेच आहे, हे मला ठाऊक आहे. तिला शुक्रवारी सकाळच्या गाडीने धाडावी.

आणखी ता.क. युक्ती मला सुचली असं वर लिहिलं, ते खोडायचं राहिलं. मी तेव्हा मागच्या दाराला टेकून नुसता उभा होतो. सगळं सरूने केलं. शेठनी विचारलं, कोणी केलं? मी म्हणालो, मीच. ती दाराआडच उभी होती.

शेवटचं. ती म्हणेल, शनिवारसाठीच बोलावतो. तर तिला रविवारी धाडावी. शेठ अजून बंगल्यावरच आहेत, त्यांना मी आज खरं सांगतो. त्यावर त्यांनी खोली काढून घेतली, तर तिला धाडूच नये, मीच येतो. ओसरीवर जागा करून ठेवावी.