रामेश्वरचं टेबल

चौसाळा

ती. उमाअक्का यांस,

धाकट्या पंचाक्षरीचा शरणार्थ. दाजींचा गुडघा आता काय म्हणतो? धारूरच्या चढावर कुरकुरत असेल तर त्यांना म्हणावं, दुकानात बसा, गिऱ्हाईकाला गुडघा दाखवून काही फायदा नाही. आम्ही इकडे बरे आहोत. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि हे प्रकरण गल्लीनं ऐकण्यासारखं नाही.

तुमच्या सांगण्यावरून माझ्या भाचीसाठी, तुमच्या ऋतुजासाठी, मुलगा बघायला मुंबईला जाऊन आलो. पाटोद्याचा रामेश्वर, नोकरी सरकारी, आणि वत्सलाबाईंनी (स्थळ सांगताना या बाई श्वास घेत नाहीत) वर सांगितलेलं, "पोराकडं दोन वर्षं एकच टेबल हाय, कुनाला हात लावू देत न्हाई." आपण समजलो, महसूल नाहीतर बांधकाम. ज्याच्यावरून फाईल हलते तसलं टेबल. (दाजी तर पेढे आणायला चप्पल घालून तयार होते.) पत्त्यावर पोचलो तर वस्तुसंग्रहालय! टेबल होतं, अक्का, पण चित्रातलं. कुणीतरी पूर्वी काढलेलं तैलचित्र, आणि आपला मुलगा कापसाच्या बोळ्यानं त्याच्यावरची काजळी टिपत बसलेला.

मला तिथंच संशय आला. टेबल इतकं तिरकं की वरची फळं घरंगळून आपल्या पायावर पडावीत, पण पडत नाहीत. सुरईचं तोंड दिसतं वरून आणि पोट दिसतं समोरून. मी विचारलं, चित्रकार उभा कुठं होता? तर म्हणे, "मामा, त्यो एका जागी उभाच न्हवता." अशा माणसाचं टेबल सांभाळणाऱ्याचा भरवसा काय धरायचा? त्यात फळं तीन आणि सावल्या चार. चौथं फळ कुणी खाल्लं, असं मी सरळ विचारलं, तर पोरगा इतका खूश झाला की त्यानं माझा हातच धरला. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. खुशामत मला लगेच कळते. मग त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. (स्वयंपाक स्वतः करतो. का बरं? काय लपवायचंय?) कापूस फिरवताना श्वाससुद्धा रोखून धरतो. खोट्या फळांना इतकं जपणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो अक्का, बघताना माझा जीव भरून आला. म्हणूनच सावध झालो.

ऋतुजाच्या जन्माचा प्रश्न आहे. असल्या तिरक्या टेबलाशी तिची गाठ बांधायची नाही. नकार कळवून टाका.

तुमचा,
पंचाक्षरी

ता. क. : नकाराचं कारण पगाराचं सांगा. टेबलाला नावं ठेवू नका. पोराला लागेल, आणि मला ते बघवणार नाही.

आणखी एक : खात्री करायला दुसऱ्या कुणाला पाठवू नका. लोक हल्ली फार स्वार्थी झालेत.

शेवटचं : नकार जरा लवकर जाऊ द्या. येताना पाटोद्याला त्याच्या आईकडं पाणी प्यायला थांबलो होतो, तिथं माझ्या लेकीचा, शिवांजलीचा, बायोडाटा चुकून राहिलाय. फोटोसकट.