प्रश्न तिसरा आणि अण्णांचा दहावा

५ जानेवारी
पोळ्या झाल्यावर उरेल तो वेळ एम.ए.चा. कोर्टाचं नाटक चालू आहे. गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल आक्षेपार्ह ठरवलेलं एक पुस्तक कपाटातून हटवायला नकार देतो, म्हणून खटला. प्र. ३: ‘विचारस्वातंत्र्य या आशयसूत्राच्या आधारे दोन पात्रे रंगवा.’ एक ग्रंथपाल, उघडच आहे. दुसरी त्याची बायको घेतली. तीन अंक नुसती बाकावर बसून, एक वाक्य नाही बाईला. लिहिलं: ‘दुर्बल, परंपरेच्या दडपणाखालील पात्र.’ गाइडातही तेच आहे. सुटले.

६ जाने.
येडगावला, माहेरी. अण्णांना धाप लागते, तरी नाटक वाचून दाखवायला लावलंच. सरकारी वकिलाला शिव्या घातल्या, जन्मभर शाळेत गुरुजी असून! मग म्हणाले, “माझा दहावा करायचा नाही. घाटावर मांडव, महाराज, पुढाऱ्यांची भाषणं, काही नको. तू बघशील?”
म्हटलं, बघते. आई त्यांचे पाय चेपत होती.

९ जाने.
अण्णा गेले. सकाळी, चहा अर्धा ठेवून.
काही सुचत नाही.

११ जाने.
दादाचं सुरू, “दहावा नाय केला तर गावात तोंड कसं दाखवायचं?” मी अण्णांचा शब्द सांगितला. चुलते म्हणाले, “मेलेल्या माणसाला कसलं आलंय मत, पोरी?” मग मात्र मी पेटले. बचावाच्या वकिलासारखी बोलले असेन. दादा जरा वरमला. जिंकले असं वाटलं, तेवढ्यात आई म्हणाली, “दहावा हुईल.”
“आई, अण्णांची इच्छा…”
“इच्छा, इच्छा! घरात देव मांडू दिला न्हाई, न्हाई मांडला. उपास चोरून केलं. त्यांनी त्यांच्या डोक्याला पटंल तसं केलं. माज्या डोक्यात काय हाय ते कुणी इचारलं का गं? एवढं एक माज्या मनासारखं हू दे.”
अण्णांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही ते गेल्यावर. त्याचंच रडू आलं.

१३ जाने.
‘दुर्बल’ खोडलं. पुढे काय लिहू? ग्रंथपाल पुस्तकासाठी तुरुंगात जायला तयार, पण बायकोला काय वाटतं हे एकदाही विचारत नाही. लेखकालाही ते खटकलेलं दिसत नाही. आणि मी तरी आईला कधी विचारलं…

१८ जाने.
दहावा झाला. धरणावर धुकं, घाटावर ही गर्दी. कावळा लगेच शिवला, आईनं हात जोडले. मग पुढारी आले, उशिरा, आणि माईकवरून म्हणाले, “गुरुजी म्हणजे अत्यंत धार्मिक वृत्तीचं व्यक्तिमत्त्व!” माना डोलल्या. अण्णा असते तर उठून गेले असते. निवेदकानं विचारलं, “गुरुजींच्या कन्या दोन शब्द बोलतील का?” माईक समोर आला. आईकडे पाहिलं. तिचा चेहरा किती दिवसांनी निवांत होता. मी मानेनंच नको म्हटलं.
घरी येऊन खूप रडले.

१९ जाने.
आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “काल माईक धरला न्हाईस.”
“तुझ्यासाठीच गप्प बसले.”
“मी दहावा मागितला व्हता. तुजं तोंड बंद कर म्हणले नव्हते. धार्मिक म्हणं! हा माणूस देव मानत नव्हता, हे सांगाया कोण तरी पायजे व्हतं. मी लई वाट बघितली तुजी.”
मांडव कालच सोडला. अण्णांना दिलेला शब्द राहिला, आईला हवं होतं ते बोलणंही. प्र. ३ कोराच आहे.
परवा तेरावा, पाहुणे येतील. तेव्हा बोलू का, म्हणून आईला विचारलं.
“मला काय इचारतीस?” म्हणाली.