एका नंबरावर दोन माणसं

मंगळवार, १७ नोव्हेंबर
जेवणाची सुट्टी, बँक

प्रिय ताईस,

नमस्कार. तू बरी असशील. आई बरी आहे, गुडघा सोडून. बाबा बरे आहेत, मी सोडून. आठ महिने तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र कट करता येत नाही.

कॉलेज सोडून मी काय दिवे लावतोय, असं तू आईला विचारलंस म्हणे. ऐक तर. बँकेत कंत्राटावर ग्राहकांच्या नोंदी दुरुस्त करतो. कुणाचं आडनाव पत्त्याच्या रकान्यात जाऊन बसलेलं असतं, त्याला बाहेर काढायचं. कुण्या आजोबांचा जन्म गेल्या वर्षीचा असतो, त्यांना म्हातारं करायचं. ज्याने हे सॉफ्टवेअर बनवलं तो एकदा माझ्या हाती लागू दे! अठ्ठावीस रकाने भरले की एकोणतिसावा म्हणतो, यादीतून व्यवसाय निवडा. यादीत जहाजदुरुस्ती आहे, न्हावी नाही. शेवटी एका न्हाव्याला मी ‘इतर’ केलं. तो म्हणाला, “चाळीस वर्षं केस कापतोय, मी इतर कसा?” त्याची समजूत घालेपर्यंत पाच मिनिटं झाली आणि स्क्रीन आपोआप बंद. पुन्हा पहिल्या रकान्यापासून. मी कीबोर्ड आपटला, एक बटण उडालं. तू म्हणशील, डोकं अजून तसंच आहे. आहे.

मी केलेली नोंद मला पक्की करता येत नाही. मी भरायचं आणि समोरच्या बाईंनी तपासून मंजूर करायचं. या बाई निवृत्तीला आल्यात, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण चूक मात्र दारातून ओळखतात.

तर गेल्या महिन्यात एक यादी आली. दोन ग्राहक, पण मोबाइल नंबर एकच, अशा संशयितांची. मशीनला वाटतं तो एकच माणूस आहे, दोनदा नोंदलेला. त्यात एका ओळीत मी होतो. आणि ती.

कोण ती, ते तुला माहीत आहे. एकदाच घरी आली होती आणि तुझी शाल चुकून घेऊन गेली होती. पहिल्या वर्षी कॉलेजात बँकेची माणसं टेबल मांडून बसली, सगळ्यांची खाती उघडली. तिचा फोन त्या दिवशी पाण्यात पडलेला. “तुझाच नंबर टाक रे, नंतर बदलू,” म्हणाली. ते नंतर आलंच नाही. मग पुढच्या वर्षी तिने मला सांगितलं की आता पुरे. सगळीकडून मला बंद केलं. पण बँकेचे मेसेज येत राहिले, ताई. पुस्तकांचं दुकान. चपलांचं दुकान. गावाला जायचं तिकीट. ती आज घराबाहेर पडली, एवढं मला कळायचं. माझा दिवस त्यावर निघायचा.

सरांशी भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं, हे मी तुम्हाला सांगितलेलं खोटं आहे. भांडण झालं, पण ते मीच उकरून काढलं होतं. ती दोन बाकं पुढे बसायची. मला तिथे बसवेना.

त्या यादीच्या पाठोपाठ तिचा अर्ज आला. मोबाइल नंबर बदलण्यासाठी. खाली तिची सही, वर नवा नंबर. मी तो कीबोर्डखाली ठेवला. उद्या करू, उद्या करू म्हणत तीन आठवडे. ती दोनदा चौकशीला आली, दोन्ही वेळा मी आतल्या कपाटाआड जाऊन उभा राहिलो.

आता खरं लिहितो. गेल्या बुधवारी दहा मिनिटांत तीनदा मेसेज आला. पैसे भरण्यासाठीचा सहा आकडी कोड, आणि खाली हॉस्पिटलचं नाव. ती कुठल्या तरी खिडकीपाशी कोडची वाट बघत उभी आहे, हे मला कळलं. तिचा नवा नंबर माझ्या कीबोर्डखाली होता. फोन केला असता तर अर्ज दाबून ठेवल्याचं उघड झालं असतं. मी नाही केला. तिन्ही कोडची मुदत माझ्या डोळ्यांसमोर संपली.

काल बाईंनी ती यादी मागितली. “हा नंबर तुझा ना रे? हजेरीच्या कागदावर हाच आहे.”

“हो.”

“आणि हिचा अर्ज कुठाय?”

मी कीबोर्ड उचलला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, मला तेवढंच जमतं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, “तिला बोलावून घे. तूच फोन कर.”

आज सकाळी ती आली. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

“तुलाच येतात सगळे मेसेज?”

“मी वाचत नाही.”

“खोटं बोलू नकोस.”

“वाचतो.”

“बुधवारचे?”

मी मान हलवली.

“बाबांना आत घ्यायचं होतं. दादा पैसे घेऊन येईपर्यंत ते बाकावर होते. पाऊण तास.” आता बरे आहेत म्हणाली. मला उद्देशून नाही, बाईंकडे बघून.

नियम असा की नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावर कोड जातो. माझ्या खिशात फोन वाजला. मी कोड मोठ्याने वाचला आणि स्वतःच टाइप केला. पाच मिनिटं संपतील, स्क्रीन बंद पडेल, याची मी वाट बघत होतो. आज मेली पडली नाही. बाईंनी मंजूर केलं. नंबर बदलल्याचा शेवटचा मेसेज मलाच आला.

तिने तुझी शाल परत दिलीय. धुऊन, घडी करून. उठताना एवढंच म्हणाली, “ताईंना दे.”

अर्ज दाबल्याचं लेखी बाईंनी माझ्याकडून घेतलंय. मॅनेजर चार वाजता बोलावणार आहेत. नोकरी राहील असं वाटत नाही. आईला इतक्यात सांगू नकोस.

शाल या पत्रासोबत पाठवतोय. मिळाली की फोन कर. शिव्या दे, पण कर. त्या शेवटच्या मेसेजनंतर माझा फोन वाजलेला नाही.

वाट बघणारा,
तुझा धाकटा