हाताचा जोर आणि रेतीतलं तेल

१२ फेब्रुवारी १९६३, मंगळवार. बुलढाणा.
बाबांची तेरवी आटोपली. पाहुणे दुपारच्या एस.टी.ने गेले. धाड गावच्या माझ्या शाळेत मुख्याध्यापकांना रजा वाढवण्याचा अर्ज पाठवला. संध्याकाळी गोल्फ क्लबचे सेक्रेटरी साहेब आले. "मास्तर, रविवारी सामना आहे. वडील ठेवत तसे ब्राऊन झाले तर बरं. नाहीतर नवा माळी आणावा लागेल. खोलीही मग त्याला." रागाने नाही बोलले. आई चुलीपाशी होती, ऐकलं असणार.

१३, बुधवार.
वाऱ्याने पहिल्या ब्राऊनची, म्हणजे होलभोवती हिरवळीऐवजी केलेल्या तेलकट रेतीच्या गोलाची, रेती उडत होती. जळक्या ऑईलचा आणखी एक डबा कालवला, वरून फळी ओढली. बाबांचा पटर, चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, घेऊन आठ पावलांवरून चेंडू मारून पाहिला. त्यांनीच शिकवलं होतं : हाताचा जोर कायम एकच. चेंडू किती जाईल ते पटर मागे किती नेला त्यावर. आठ पावलांना उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. तेवढाच नेला. चेंडू होलच्या दोन पावलं अलीकडे थांबला.

१४, गुरु.
पुन्हा अलीकडे. जोर वाढवला तर होलवरून पार पलीकडे. दिवसभर तेच. हातच गेला वाटतं. बाबा असते तर...

१५, शुक्र.
सव्वा महिना उंबरा ओलांडू नको, असं आत्या आईला बजावून गेली आहे. तरी आई मैदानावर आली. माझे दोन-तीन चेंडू पाहिले.
"हाताले काऊन बदलवून राह्यला, बापा? रेतीत तेल जास्त झालं. रेती चेंडूले धरून राह्यली."
"तुले काय माहीत?"
"हाव, मले काय माहीत! दिवाळीपासून तुह्या बापाले घमेलं तरी उचलत होतं का?"
म्हणजे दिवाळीपासून रेती आईच कालवत होती. दर शनिवारी घरी येत होतो. आई-बाबांपैकी कोणी सांगितलं नाही.
आईने मूठभर रेती दाबली, मूठ उघडली. "पाह्य, लाडू वळला, पन फुटत नाही. वळला का लगेच फुटला पाह्यजे." तीन घमेली कोरडी रेती कालवली. पटर अंगठ्यापर्यंत, जोर नेहमीचा. चेंडू होलच्या काठाशी जाऊन थांबला. आई "हं" म्हणाली आणि दुसऱ्या ब्राऊनकडे गेली.

१७, रवि.
सामना नीट झाला. साहेब म्हणाले, "अगदी वडिलांचा हात." मी सांगितलं, माझा नाही, आईचा, दिवाळीपासून तिचाच. साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाईमाणूस? मेंबर काय म्हणतील?"
आई दारातून : "मेंबराईले म्हणा चेंडूकडे पाहा. माह्याकडे काय पाहाचं हाय?"
साहेबांना हसू आलं. "होळीपर्यंत बाईंचं काम पाहू. तोवर खोली राहू दे." त्यांचे उपकार. आईचे, बाबांचेही. आधी कोणाचे लिहू कळत नाही.

१८, सोम.
आई उजाडताच मैदानावर गेली. धाडला परतायची माझी गाडी अकराला. घरात कोणी नाही. चूल पेटवली, ज्वारीचं पीठ मळलं, दोघांच्या भाकरी टाकल्या.