माझ्या खिडकीखालचा ओघळ

रविवार, संध्याकाळ. नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स.

सूनबाई, माझ्या रोजनिशीत मी सांगते तसंच लिही, नवऱ्याची बाजू घेऊ नकोस.

आज लेकाने घराच्या बाहेरच्या पांढऱ्या फळ्या मशीनने धुतल्या. सगळं लख्ख झालं, माझ्या खिडकीखालचा लाल ओघळ सोडून. मग शिडीवर चढून व्हिनेगर लावलं, सोडा घासला. ओघळ नुसता गुलाबी झाला.

"आई, कुंकवाचं पाणी आहे हे! खिडकीतून सूर्याला अर्घ्य देणं बंद कर."

"अरे, इथे तो कधीतरी तोंड दाखवतो. आलेल्याला पाणीही विचारू नको?"

लेक शिडी आवरायला लागला. तरी मनात येतंच, एवढा ओघळ होईपर्यंत मला कसा दिसला नाही? बरं, कुंकू सोडीन. पाणी नाही.

उद्या ऊन पडलं की खिडकी उघडणारच. खाली कोणी उभं राहू नये, हेही लिही.